काउंटर सोडल्यावरही तक्रार ऐकावी लागेल : किराणा व्यापारी संघाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सभासद,
आपल्या उपनगरातील किराणा व्यापारी संघ

स. न. वि. वि.

या महिन्यापासून तुमच्या सभासदांच्या दुकानांत एकच छापील पाटी लागली आहे. तिच्यावर तीन ओळी आहेत. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही. २०० रुपयांखाली बिल मिळणार नाही. काउंटर सोडल्यावर सुट्या मालाची तक्रार चालणार नाही.’ खाली बारीक अक्षरांत ‘संघाच्या निर्णयानुसार’ असं आहे. म्हणजे एखाद्या शेठजींचा त्या दिवशी मूड बिघडला होता, असं म्हणायची सोय उरलेली नाही. निर्णय सगळ्यांनी मिळून घेतलेला आहे, म्हणून हे पत्रही सगळ्यांना.

आम्ही या भागातली नेहमीची गिऱ्हाइकं. महिन्याची यादी तुमच्याकडे, सणासुदीचा रवा-साखर-खोबरं तुमच्याकडे, आणि पाहुणे आले की रात्री साडेनऊला अर्धा किलो पोहेही तुमच्याकडेच. दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲपं आली तरी आमचं वाणसामान अजून तुमच्या दुकानातून येतं, कारण माल डोळ्यांसमोर तोलून मिळतो आणि बिघडला तर सांगायला ओळखीचा माणूस असतो. या पाटीने नेमकं तेच काढून घेतलंय.

आधी कायद्याचं बोलून टाकू, ते थोडक्यात होतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं त्या यादीत आहे. बिलावर मुदत छापलेली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. बिल न देणंही त्याच यादीत आहे. तुमची २०० रुपयांची ओळ बहुधा जीएसटीच्या नियमातून उचललेली दिसते, पण अर्धीच. २०० रुपयांखालच्या विक्रीला करबीजक, म्हणजे जीएसटीचं बिल, न देण्याची मुभा आहे खरी, मात्र गिऱ्हाइकाने ते मागितलं नसेल तरच. मागितलं की द्यायचं. पहिल्या दोन ओळींचा निकाल इथेच लागतो.

तिसरी ओळ मात्र सविस्तर बोलण्यासारखी आहे. ती लिहिणाऱ्याला धान्याची कीड कशी लागते हे पक्कं ठाऊक असणार, आणि तरीही ती लिहिली गेली.

तांदळातला सोंड्या घ्या. मादी दाण्याला सोंडेने भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक चिकट द्रावाने बुजवते. अळी दाण्याच्या आतच वाढते. उबदार, दमट हवेत अंड्यापासून किडा बाहेर पडायला साधारण महिना लागतो. तोवर तांदूळ वरून स्वच्छ दिसतो. काउंटरवर परातीत ओतून, हात फिरवून, उजेडात धरूनही त्यातलं काही कळत नाही. घरी कोरड्या डब्यात भरलेल्या तांदळात आठ-दहा दिवसांत सोंडे फिरू लागले, तर ती अंडी आमच्या डब्यात घातली गेलेली नाहीत. ती तुमच्या कोठीत किंवा त्याआधी गोदामात घातली गेली. मूग, चवळी, हरभऱ्याचं त्यातल्या त्यात बरं. भुंगेऱ्याची मादी अंडी दाण्याच्या सालीवर बाहेरून चिकटवते, त्यामुळे मुगावर खसखशीच्या कणासारखे पांढरे ठिपके दिसतात. ते दिसले की समजायचं, आत अळी शिरली आहे किंवा शिरायच्या बेतात आहे. असे ठिपके असलेला मूग काउंटरवर ओळखून परत करणारं गिऱ्हाईक विरळा, पण दुकानदाराला ते दिसायलाच हवेत.

कीड दुकानात का टिकते, याचं कारण बहुतेक ठिकाणी एकच आहे. कोठी किंवा पिंप तळापर्यंत रिकामं होतच नाही. तळाशी दोन-तीन किलो उरले की वरून नवं पोतं ओतलं जातं. जुन्या मालातली कीड नव्याला लागते आणि तळातला भुगा वर्षभर तसाच राहतो. रवा आणि मैद्याच्या डब्यांत याचीच जाळी होते. उपाय तुम्हालाही माहीत आहे. नवं पोतं फोडण्याआधी कोठी रिकामी करायची, कोपरे झाडायचे, पुसून कोरडं होऊ द्यायचं, उरलेला जुना माल वेगळा काढून आधी विकायचा. पोती जमिनीवर न टेकवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या पोत्याची एक बाजू ओल धरते, आणि त्या बाजूच्या पोह्यांना जो कोंदट वास लागतो तो भाजूनही जात नाही. हे सगळं करणारी दुकानं आपल्या भागात आहेत. तिथून माल परत न्यायची वेळ फारशी येत नाही, म्हणून त्यांना या पाटीची गरजही नव्हती.

आता काट्याकडे वळू.

इलेक्ट्रॉनिक काट्याच्या बाजूला एक छोटी पाटी असते. तिच्यावर मॅक्स (कमाल वजन), मिन (किमान वजन) आणि ई (काट्याची सर्वांत लहान पायरी) असे तीन आकडे असतात. बहुतेक किराणा दुकानांत काटा ३० किलोचा, ई ५ ग्रॅम. या वर्गाच्या काट्याचं किमान वजन ई च्या वीसपट असतं, म्हणजे इथे १०० ग्रॅम. त्याखालचं वजन या काट्यावर करायचंच नसतं. तरीही वेलदोडा, लवंग, मिरी, खसखस, केशरी बडीशेप सगळं ५० आणि २५ ग्रॅमच्या पुडीत याच काट्यावर तोललं जातं. काटा ५-५ ग्रॅमच्या पायरीने चालतो, त्यामुळे ५० दिसलं म्हणजे प्रत्यक्षात साडेसत्तेचाळीस ते साडेबावन्न यांतलं काहीही असू शकतं, आणि वापरातल्या काट्याला जी चूक चालते ती आणखी वेगळी. किलोला ३,००० रुपये भाव धरला तर ५ ग्रॅमचा फरक १५ रुपयांचा होतो. यात कुणी मुद्दाम फसवतंय असं आमचं म्हणणं नाही. काटा त्या कामाचा नाही, एवढंच. मसाल्यासाठी १ ग्रॅम ई असलेला लहान काटा ठेवला की त्याचं किमान वजन २० ग्रॅमवर येतं आणि वाद संपतो. सोनाराकडचा काटा आणा असं कुणी म्हणत नाही.

दुसरं म्हणजे पिशवीचं वजन. अर्धा किलोची कागदी पिशवी ८-१० ग्रॅमची असते. १४० रुपये किलोच्या तूरडाळीत तिची किंमत एक-दीड रुपया, त्यावर कुणी भांडत नाही. पण सुक्या मेव्याचा झाकणाचा प्लॅस्टिक डबा ३० ग्रॅम भरतो, आणि किलोला १,००० रुपये भावाच्या काजूंबरोबर तो तोलला की डब्याचे ३० रुपये लागतात. काट्यावर टेअरचं बटण याच कामासाठी असतं. रिकामा डबा ठेवायचा, बटण दाबायचं, आकडा शून्य झाला की माल टाकायचा. दोन सेकंदांचं काम आहे. हे गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून काट्याला मागच्या बाजूनेही डिस्प्ले असतो, आणि नेमक्या त्याच बाजूला कित्येक दुकानांत चिक्कीच्या बरण्या आणि शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. बरण्या हलवायला परवाना लागत नाही!

काटा डगमगत्या स्टुलावर असेल, काटा सपाट आहे का हे दाखवणारा बुडबुडा वर्तुळाच्या बाहेर गेला असेल किंवा वरून पंख्याचा झोत येत असेल तर आकडा स्थिर होत नाही, आणि घाईत जो दिसेल तो धरला जातो. तागडीच्या काळात निदान काटा मध्ये आला की नाही हे दोघांना दिसत असे. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी करून घ्यावी लागते. मुद्रांकनावर, म्हणजे पडताळणीच्या शिक्क्यावर, वर्ष आणि तिमाहीचं अक्षर असतं : अ‍े म्हणजे जानेवारी ते मार्च, बी, सी, डी याच क्रमाने पुढे. पडताळणीचं प्रमाणपत्र दुकानात सहज दिसेल असं लावायचं असतं. ते देवाच्या तसबिरीमागे, गल्ल्याच्या खणात किंवा ‘हिशेबनीसाकडे’ नको.

यानंतर येतात दुकानातच भरलेल्या पुड्या. शेंगदाणे, साबुदाणा, गूळ, रवा, पोहे अर्धा-अर्धा किलोच्या प्लॅस्टिक पिशव्यांत भरून, मेणबत्तीवर तोंड चिकटवून किंवा स्टेपल मारून मांडलेले असतात. त्यांच्यावर काहीच लिहिलेलं नसतं, फार तर पेनाने भाव. ‘हा सुटाच माल आहे’ हे उत्तर नेहमी मिळतं. तसं ते नाही. वैधमापन कायदा २००९ च्या, म्हणजे वजन-मापांच्या कायद्याच्या, व्याख्येनुसार गिऱ्हाईक समोर नसताना, आधीच ठरवलेलं वजन भरून ठेवलेली कोणतीही पिशवी, सीलबंद असो वा नसो, आवेष्टित (पाकीटबंद) वस्तूच ठरते. तिच्यावर भरणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क असायला हवा. भरणारे तुम्हीच आहात, म्हणून नाव तुमचं. सुटा माल म्हणजे आमच्या समोर कोठीतून काढून तोललेला.

या पुड्यांवरची तारीख आम्हाला का हवी, तर शेंगदाण्यासाठी. शेंगदाणा आणि सुकं खोबरं खवट कधी होईल हे त्यांच्या वयावर, उष्णतेवर आणि उजेडावर ठरतं. पारदर्शक पिशवीत, दारात, दुपारच्या उन्हात टांगलेले शेंगदाणे किती जुने आहेत हे तारखेशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही. पिशवी तर फोडून चाखू देत नाहीत. गूळ पावसाळ्यात पाणी सोडतो, पोहे ओल खाऊन जड होतात, म्हणून भरलेल्या दिवसाचं वजन आणि विकलेल्या दिवसाचं वजन जुळत नाही. पिशवी पुन्हा काट्यावर ठेवून बघू म्हटलं की ‘भरलेलं आहे ना’ म्हणून नकार येतो. यापुढे येऊ नये.

तांदळाच्या नावांबद्दल एकच तक्रार. मुळशी आंबेमोहर, आजरा घनसाळ आणि वाडा कोलम यांना भौगोलिक मानांकन आहे. कोठीवर नुसतं ‘आंबेमोहर’ लिहून कुठलाही आखूड, वासाचा तांदूळ विकू नका. कुठला आहे, जुना की नवा, हे खडूने लिहा. नवा तांदूळ कमी पाण्यात शिजतो आणि गिचका होतो, जुना जास्त पाणी घेतो. मसालेभातासाठी आणलेला तांदूळ नवा निघाला तर तो परत आणण्यासारखाही राहत नाही, कारण तोवर तो पातेल्यात असतो.

तेलाच्या डब्याचंही तसंच. १५ किलोचा आणि १५ लिटरचा डबा दिसायला सारखे, पण एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम. फरक जवळजवळ १ किलो ३५० ग्रॅमचा, १५० रुपये किलोने हिशेब केला तर २०० रुपयांचा. फोनवर ऑर्डर घेताना ‘पंधराचा डबा’ एवढंच बोललं जातं. किलो की लिटर, हे तुमच्या माणसाने विचारायला हवं. एरवी पाकिटांच्या बाबतीतही ठराविक वजनांचं बंधन आता उरलेलं नाही, त्यामुळे ८५० ग्रॅमचं ११९ रुपयांचं पाकीट किलोच्या १३२ रुपयांच्या पाकिटापेक्षा स्वस्त भासतं आणि पडतं मात्र किलोला १४०. पाकिटावर एकक किंमत, म्हणजे किलोला किंवा ग्रॅमला किती पडतं ते, छापलेली असते, पण शेल्फच्या पट्टीवर ती लिहिली तर चष्मा शोधावा लागणार नाही.

संघातल्या मोठ्या, संगणक असलेल्या सभासदांची वेगळी भानगड आहे. शेल्फवर एक भाव, बिलात दुसरा. कारण बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये असतं. एकाच बारकोडवर दोन एमआरपीचा माल शिल्लक असला की स्कॅन करताना पडद्यावर दोन ओळी येतात आणि कॅशियर घाईत पहिल्या ओळीवर एंटर मारतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी कमी झाला तेव्हापासून हे फार वाढलं. बिस्किटं, साबण, टूथपेस्ट, शाम्पू १८ वरून ५ टक्क्यांवर आले, तूप, लोणी, फरसाण १२ वरून ५ वर आलं. कर विक्रीच्या दिवसाचा लागतो, खरेदीच्या नाही. म्हणून जुन्या छापील किमतीच्या मालालाही नवा दर लागतो. ‘जुना स्टॉक आहे’ हे उत्तर चालत नाही. शिवाय कोठीतून सुट्या तोललेल्या डाळी-तांदळाला जीएसटी नाहीच. तो २५ किलोपर्यंतच्या आवेष्टित, लेबल लागणाऱ्या मालाला, १८ जुलै २०२२ पासून. बिलावर सुट्या डाळीपुढे ५ टक्के दिसले तर वस्तूचा कोड चुकलेला आहे, तो सुधारा. आणि जे सभासद कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठराविक दराने कर भरायच्या योजनेत, आहेत त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा लावताच येत नाही.

किरकोळ म्हणून सोडून दिल्या जाणाऱ्या गोष्टी भराभर सांगतो. दुधाच्या पिशवीवर आणि थंड पेयावर ‘कूलिंग’चे एक-दोन रुपये एमआरपीवर घेणं बंद करा, छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायची परवानगी फ्रिजमुळे मिळत नाही. सुट्या पैशांऐवजी गोळ्या देऊ नका. गोळ्या आम्ही परत दिल्या तर तुम्ही घेत नाही, हे प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. १० रुपयांची सर्व प्रकारची नाणी चलनात आहेत, रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये तसं जाहीर केलं आहे. यूपीआयने दिले म्हणून दोन रुपये जास्त घेऊ नका. बिलासाठी मोबाइल नंबर सक्तीने मागू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच सांगितलं आहे. बिलावर तुमचा १४ अंकी अन्न परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापा, तोही १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे.

तुमची बाजू आम्हाला अजिबात कळत नाही असं नाही. बाजार समितीतून आणलेलं पोतं परत जात नाही. पाकीटबंद मालाची एक्स्पायरी वितरक महिनोन्‌महिने उचलत नाही, आणि उचलली तरी पैसे रोख न येता क्रेडिट नोटने, म्हणजे पुढच्या खरेदीतून वळते होऊन, येतात. काही गिऱ्हाइकं अर्धी पिशवी वापरून ‘चव नाही’ म्हणून परत आणतात, दिवाळीनंतर उरलेला रवा तुमच्या गळ्यात मारतात. असा माल घेऊ नका, आम्ही तुमच्या बाजूने बोलू. पण मूठभर उपटसुंभांसाठी सगळ्यांवर बंदी घालायची, आणि तीही सदोष मालासकट, हे व्यापाराच्या हिशेबातही बसत नाही. याच राज्यात मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून उभी राहिली आणि लोकांनी एकत्र येऊन वाणसामान घाऊक आणून वाटून घ्यायला सुरुवात केली, ती अशाच तक्रारींतून.

आमच्या मागण्या या :

सध्याची पाटी काढावी. तिच्या जागी एवढंच लिहावं की कीड, बुरशी, खवटपणा, वजनातली तूट किंवा मुदत संपलेला माल बिलासह ३० दिवसांत बदलून किंवा पैसे देऊन परत घेतला जाईल. न उघडलेलं, चांगलं पाकीट परत घ्यायचं की नाही आणि किती दिवसांत, हे दुकानाने ठरवून बिलावर छापावं.

मागितलं की कितीही रकमेचं बिल द्यावं, हाताने लिहिलेलं चालेल. त्यावर वस्तू, वजन, दर आणि तारीख असावी.

काट्याचा गिऱ्हाइकाकडचा आकडा मोकळा करावा, चालू वर्षाचं प्रमाणपत्र शेजारी लावावं, डबा टेअर करूनच तोलावा, १०० ग्रॅमखालच्या मालासाठी वेगळा लहान काटा ठेवावा. संघाने एक किलो आणि ५०० ग्रॅमची पडताळलेली वजनं विकत घेऊन दुकानांत फिरवावीत. शंका आली की तिथेच तपासता येईल.

दुकानात भरलेल्या प्रत्येक पुडीवर नाव, वजन, भरल्याची तारीख आणि किंमत छापावी. शंभर-दोनशे रुपयांच्या लेबलांच्या रोलने महिना निघतो.

शेल्फ आणि बिल यांत फरक निघाला तर कमी भाव लावावा, वाद न घालता.

तक्रार ऐकायला संघाने एक माणूस नेमावा आणि त्याचा नंबर पाटीवर द्यावा. गल्ल्यावरच्या पोराला यात ओढू नये; त्याच्या हातात काही नसतं आणि शिव्या त्यालाच बसतात.

महिनाअखेर तुमची सभा असते. त्या सभेत हा विषय घ्या, आमच्यातले दोघे-तिघे यायला तयार आहेत. लेखी उत्तर आलं तर ते सोसायट्यांच्या सूचना फलकांवर जसंच्या तसं लावू. न आल्यास पाटीचे फोटो आणि बिलं जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवू आणि वजन-मापाच्या बाबी वैधमापन निरीक्षकांकडे लेखी देऊ. तोवर यादी घेऊन येणं चालूच आहे, फक्त आता बिल मागू.

कळावे,
तुमच्याच दुकानांतली नेहमीची गिऱ्हाइकं